दहा इंचांची सवलत

पैज लागली ती शिवपुत्रच्या हॉटेलात, सकाळी आठ वाजता, चहा अजून बशीत असताना.

"मिळायची न्हाय," ज्ञानोबा म्हणाला.

"मिळंल," शरणबसप्पा म्हणाले.

"न्हाय मिळायची, अप्पा. लिहून घ्या."

"बसवजयंतीच्या आत मंजुरीचा कागद आणून या बाकड्यावर ठेवला न्हाय, तर नाव बदलीन."

"नाव बदलून आमाला काय फायदा? आमी अप्पाच म्हणणार. त्यापरीस घंटागाडीवर उभं ऱ्हावा."

घंटागाडी म्हणजे नगरपंचायतीची कचरा गोळा करायची गाडी. रोज सकाळी गावातनं फिरते. तिचा भोंगा महिन्यापासून बंद होता, त्यामुळं ती मुकाट्यानं यायची, मुकाट्यानं जायची आणि बायका बादल्या घेऊन मागं पळायच्या. ठरलं असं, की जो हरंल त्यानं पांढरं धोतर नेसून, फेटा बांधून एक सकाळ त्या गाडीच्या मागं उभं राहायचं आणि "ओला कचरा, सुका कचरा" असं स्वतःच्या तोंडानं पुकारत सगळं गाव फिरायचं. शिवपुत्रनं कढईतला झारा वर करून पैज मंजूर केली.

शरणबसप्पांच्या ध्यानात घरी गेल्यावर आलं की ही पैज बरोबरीची न्हाय. ज्ञानोबा एसटीचा रिटायर कंडक्टर. त्यानं तीस वर्षं "कळंब, कळंब, कळंबवाले बसून घ्या" एवढंच केलं होतं. त्याला पुकारायला लाज कसली? उलट त्याला हौस. आणि शरणबसप्पा मोजणी खात्यातनं रिटायर झालेले. बत्तीस वर्षं लोकांच्या बांधावर टेप धरला, पण आवाज कधी चढवला न्हाय. भूकंपानंतर सास्तूरच्या बाजूला नवे प्लॉट पाडले तेव्हा साखळी धरून उन्हात उभं राहिलेला माणूस. दोन भाऊ कुऱ्हाडी घेऊन समोरासमोर आले तरी ते फक्त आकडा सांगायचे, आणि भाऊ कुऱ्हाडी खाली ठेवायचे. अशी त्या आकड्याची इज्जत होती.

आता भानगड काय झाली ते.

अप्पांनी आयुष्यभराची हौस म्हणून घर बांधलं. बांधून झालं, रंग झाला, आणि राहायला जायच्या आधी लागतो तो भोगवट्याचा दाखला मागितला. अर्जासोबत नकाशा द्यायचा, त्यात रस्त्यापासून घर किती अंतरावर आहे ते लिहायचं. नियम तीन मीटरचा, म्हणजे नऊ फूट दहा इंच. अप्पांचं अंतर भरलं नऊ फूट. दहा इंच कमी.

नकाशा काढणाऱ्या पोरगेल्या इंजिनिअरनं हळूच विचारलं होतं, "अप्पा, दहा फूट लिहू का? कोण मोजायला येतंय?"

अप्पा असे बघायला लागले की त्यानं पेन खाली ठेवला.

"म्या मोजलंय," अप्पा म्हणाले. "नऊ म्हणजे नऊ."

त्या गल्लीत एका घराला दहा इंच सोडा, दहा बोटं जागा सोडलेली न्हाय. ज्ञानोबाची पायरी गटार ओलांडून पलीकडं उतरते. पण त्यांच्या कागदावर सगळं नियमात, म्हणून ते सुखानं घोरत होते. नोटीस आली ती खरं लिहिणाऱ्या एकट्या माणसाला. एक तर दहा इंच पाडा, न्हाय तर सवलतीचा अर्ज करा.

"मग पाडा की," शिवपुत्र म्हणाला. "दहा इंचात काय जातंय?"

दहा इंचात बैल जात होता.

हे जरा समजून घ्यावं लागतं. घर बांधायच्या आधी घराचा आय काढतात. घरधनिणीच्या हाताची, कोपरापासून बोटापर्यंत, एक काठी कापायची. त्या काठीनं घराची लांबी-रुंदी मोजायची, दोन्हींचा गुणाकार करून आठानं भागायचं आणि बाकी काय उरते ते बघायचं. पाच उरले तर वृषभ, म्हणजे नंदी आला. सहा उरले तर गाढव. आय काढणाऱ्या मठातल्या स्वामींनी रुद्रम्मावहिनींच्या हाताची काठी घेऊन हिशेब केला, तर घर सव्वीस हात लांब, तेवीस रुंद. बाकी सहा. गाढव.

रुद्रम्मावहिनी कर्नाटकातल्या, आळंदकडच्या. नवऱ्याला कानडी "री" म्हणतात, आणि त्या "री"त आदरही बसतो, हुकूमही बसतो.

"गाढवाच्या घरात म्या पाय ठेवणार न्हाय री," त्या म्हणाल्या. "उमाशंकरला सांगा, एक हात पुढं घ्या."

उमाशंकर म्हणजे गवंडी. त्यानं समोरची भिंत एक हात पुढं घेतली. सत्तावीस हात झाले, बाकी पाच उरली, नंदी आला, वहिनी खूश झाल्या आणि दहा इंच नियमाबाहेर गेले. आता ते दहा इंच पाडले की सत्तावीस हात भरत न्हायत. आणि अर्धामुर्धा हात स्वामी धरत न्हायत. पाडलं की परत गाढव. वहिनी भाड्याच्या दोन खोल्यांतनं हलणार न्हायत. म्हणजे सवलत मिळाली तर घर, न्हाय तर चार खोल्यांचं एक रंगवलेलं गोडाऊन.

अप्पा अर्ज घेऊन नगरपंचायतीत गेले. तिथं विरेश नावाचा क्लार्क कॉम्प्युटरच्या मागं बसलेला. कागदावरचा अर्ज त्यानं नुसता वाऱ्यासाठी हलवून बघितला.

"ऑनलाइन भरावं लागतंय, अप्पा. कारण सांगा. उतार हाय का? नाला? झाड?"

"न्हाय."

"प्लॉट वाकडा?"

"म्या मोजलेला प्लॉट वाकडा कसा असंल?"

"मग 'इतर' धरतो. सांगा, पण पन्नास अक्षरात बसवा. पुढं मशीन घेत न्हाय."

अप्पांनी त्याला घरधनिणीच्या हातापासून आठानं भागण्यापर्यंत सगळं समजावून सांगितलं. वीस मिनिटं गेली. मागची रांग पण ऐकायला पुढं सरकली. एका म्हातारीनं आपल्या घराचा आय तिथंच काढून घेतला आणि कोंबडं, मांजर काय निघालं म्हणून विचारत बसली. विरेशनं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि टाइप केलं: गाढव आल्यामुळे घर पुढे घ्यावे लागले.

अक्षरं पन्नासाच्या आत बसली. अप्पांना ते जरा खटकलं, पण मजकूर खरा होता, त्यात खोडण्यासारखं काय न्हवतं.

चौथ्या दिवशी सकाळी दोन माणसं दोर घेऊन दारात.

"कोंडवाड्याकडनं आलोय. गाढव कुठंय?"

रुद्रम्मावहिनी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "आतमधी हाय. पेपर वाचतंय."

माणसं खरंच आत डोकावली. अप्पांनी पेपर खाली केला. दोघांनी त्यांना रामराम घातला आणि बाहेर येऊन रीतसर पंचनामा केला. पंच म्हणून ज्ञानोबानं सही केली, आणि ती आनंदानं केली. पंचनाम्यात लिहिलं, की पाहणी केली असता गाढव मिळून आले नाही, सबब तक्रार निकाली. झालं. अर्ज मशीनमधनं बंद.

हॉटेलात त्या दिवशी अप्पा आले न्हायत. चहा घरीच घेतला. गल्लीनं मात्र सल्ले घरपोच आणून दिले. एकजण म्हणाला, वहिनींचाच हात परत मोजून बघा, वयानं फरक पडतो. दुसरा म्हणाला, घर ऱ्हावू द्या, रस्ताच दहा इंच पलीकडं सरकवायचा अर्ज करा, पलीकडं कोण हाय, शाळाच की. शिवपुत्रनं सांगितलं, साहेबाला एकदा गरम भजी खायला आणा. अप्पांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी नवा अर्ज भरला. या बारीला कारण लिहिलं, "कौटुंबिक". वहिनी म्हणाल्या, "हे मातर बराबर लिहिलं री."

अर्ज पुढं सरकला आणि दुसऱ्या टेबलावर अडला. शेजाऱ्याची ना-हरकत पाहिजे. उजव्या बाजूला नगरपंचायतीचीच मोकळी जागा. डाव्या बाजूला ज्ञानोबा.

म्हणजे सही करणारा माणूस तोच, ज्यानं सही केली तर घंटागाडीवर उभं राहायची पाळी त्याच्यावर येणार.

अप्पांनी दोन दिवस सही मागितलीच न्हाय. तिसऱ्या दिवशी ज्ञानोबाच आला. "अप्पा, सही पाहिजे म्हणं? सांगत का न्हाय? आणा तो कागद."

"तुमी हराल की, ज्ञानोबा."

"सही अडवून जिंकलो तर मिशा कुणाला दाखवू? तुमाला हरवायला नगरपंचायत खंबीर हाय. तिच्यावर माझा भरवसा हाय."

आणि त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं: शरणबसप्पा यांचे घर दहा इंच पुढे आहे, त्यास माझी काहीही हरकत नाही. माणूस चांगला आहे, पण हट्टी आहे.

विरेशनं कागद परत दिला. "ह्यात 'पण' हाय. ना-हरकतीत 'पण' आला की ती हरकत होती."

ज्ञानोबानं 'पण' काढून परत लिहिलं. विरेशनं मशीनमधी बघितलं आणि म्हणाला, "तुमचं घर तुमच्या नावावर न्हाय. कडाजी सोपान म्हणून नाव हाय. त्यांची सही आणा."

"ते आमचं वडील."

"मग आणा की सही."

"ते सत्त्याण्णव साली गेले."

विरेशनं जरा विचार केला. "मग वेळ लागंल," तो म्हणाला.

त्याच्यानंतरचे तीन आठवडे गावानं जे बघितलं ते पुन्हा बघायला मिळणार न्हाय. ज्ञानोबाच्या घराला वारसांची नावं लावायची म्हणून शरणबसप्पा त्याच्याबरोबर रोज सकाळी साडेदहाला कचेरीत. मृत्यूचा दाखला अप्पांनी शोधला, प्रतिज्ञापत्र अप्पांनी लिहिलं, तेरखेड्याला दिलेल्या बहिणीची संमती आणायला अप्पाच मोटरसायकलवर मागं बसून गेले. लग्नसराई तोंडावर आलेली. बहीण फटाक्याच्या कारखान्यात कामाला, तिला सवड दुपारच्या सुट्टीत. तिनं बाहेर येऊन सही केली आणि अप्पांना विचारलं, "दादा पैज हरावा म्हणून तुमी एवढं पळताय व्हय?" अप्पा म्हणाले, "न्हाय बाई, म्या जिंकावा म्हणून." तिला फरक कळला न्हाय. कळण्यासारखा न्हवताही.

सत्तावीस वर्षं अडलेलं ज्ञानोबाचं घर ज्ञानोबाच्या नावावर झालं. त्यानं त्या आनंदात ना-हरकतीवर तीन सह्या केल्या, एक जादा असू द्या म्हणून.

बसवजयंतीला तीन दिवस उरले तेव्हा पाहणीला शुभांगी मॅडम आल्या. बांधकाम खात्याच्या इंजिनिअर. वयानं अप्पांच्या नोकरीपेक्षा लहान. गल्ली सगळी गोळा. शिवपुत्रनं हॉटेलवर पोतं टाकलं आणि आला. उमाशंकर गवंडी पण आला, आपल्या भिंतीचं काय होतंय बघायला.

मॅडमनी पर्समधनं एक बारकं यंत्र काढलं, भिंतीला टेकवलं, बटण दाबलं. समोर रस्त्याच्या कडेला ठेवलेल्या पाटीवर लाल ठिपका पडला.

"तीन पॉइंट शून्य पाच," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?" वहिनींनी विचारलं.

"म्हणजे दहा फूट. नियमापेक्षा दोन इंच जास्तच सोडलंय, मावशी. तुम्हाला सवलत लागतच नाही."

गल्लीनं टाळ्या वाजवल्या. वहिनींनी हात जोडले. एकटे शरणबसप्पा काळे ठिक्कर पडले.

"लागते," ते म्हणाले.

"काय?"

"सवलत. लागते. माझं बांधकाम दहा इंच बेकायदेशीर हाय, मॅडम. तुमचं यंत्र चुकतंय."

"काका, हे चुकत नाही."

"म्या पण चुकत न्हाय. बत्तीस वर्षं! नऊ फूट म्हणजे नऊ फूट. तुमी माझ्या घराला असं उगी कायदेशीर ठरवू शकत न्हाय. म्या वर तक्रार करीन."

मॅडमनी नोकरीत बऱ्याच धमक्या ऐकल्या असतील, पण ही नवीन असावी. त्यांनी शांतपणे विचारलं, "तुम्ही कशानं मोजलं होतं?"

अप्पा आत गेले आणि टेप घेऊन आले. रिटायर झाल्यावर घेतलेला, स्वतःच्या मालकीचा. त्याचं सुरवातीचं एक फुटाचं टोक तुटलेलं होतं, त्याला अप्पांचा इलाज साधा होता. जो आकडा येईल त्यातनं एक फूट वजा करायचा. "उमाशंकर, धर," ते म्हणाले.

उमाशंकरनं टेपाचं टोक घेतलं, भिंतीजवळ गेला, चपलेची टाच भिंतीला लावली आणि अंगठ्याच्या पुढं टोक धरलं.

"काका," मॅडम उमाशंकरला म्हणाल्या, "पाय का ठेवलाय मधे?"

"टेप एक फूट तुटकाय न्हवं," उमाशंकर म्हणाला. "तेवढा म्या पायानं भरून काढतो. माझी चप्पल बराबर एक फुटाची हाय. अप्पांना त्रास नको म्हणून पहिल्यापासनं असंच करतो."

रस्त्याच्या कडेला वाकलेले अप्पा हळूहळू सरळ झाले. आकडा दहा होता. एक वजा करायला त्यांचं तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

"एकानं पायानं भरलं," वहिनी म्हणाल्या, "आन् एकानं तोंडानं काढलं. दोघांनी मिळून मला दोन महिने भाड्याच्या खोलीत ठिवलं री."

कुणीतरी हसलं. मग मागनं एक आवाज आला, सहज विचारल्यासारखा. "अप्पा, आमच्या वाटणीची मोजणी पण तुमीच केली व्हती न्हवं?"

हसणं थांबलं. गल्लीत अशी किती घरं, किती शेतं, सगळ्यांच्या बांधावर याच माणसाचा आकडा. अप्पांनी वळून बघितलं. "ती सरकारी टेपानं," ते म्हणाले. "तो आख्खा व्हता." पण आवाज त्यांचा त्यांनाच बारीक लागला.

मॅडमना माणसाची पारख असावी. त्या बाजूला येऊन हळू बोलल्या. "काका, अर्ज मागं घेतो म्हणून दोन ओळी लिहून द्या. उद्याच भोगवटा देते. कारण लिहा, नकाशा काढणाऱ्याच्या लिहिण्यात चूक झाली. चालतं तेवढं."

ज्ञानोबानं ते ऐकलं. "लिवा अप्पा," तो म्हणाला. "त्या पोराचं काय जातंय? सगळेच लिवतात."

अप्पा पायरीवर बसले. मांडीवर कागद. आख्खी गल्ली बघत होती. घर मिळालंच होतं, ते आता कुठं जात न्हवतं. जात होतं ते दुसरंच, आणि ते कागदाच्या एका ओळीवर लटकत होतं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. मग वाकून लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं, कारण मोजणीचा आकडा मोठ्यानं वाचायचा असतो:

"सदर अंतर मी स्वतः मोजले. त्यात माझी एक फुटाची चूक झाली. नकाशा काढणाऱ्याचा दोष नाही. सही, शरणबसप्पा, सेवानिवृत्त भूकरमापक."

कुणी हसलं न्हाय. वाटणीचं विचारणारा तर मागच्या मागं सटकला. जो माणूस स्वतःची चूक सही करून देतो त्याचे जुने आकडे कशाला उकरा, असं त्याला वाटलं असावं.

दुसऱ्या दिवशी कागद आला. त्यावर शेरा होता: सवलतीची आवश्यकता नाही, अर्ज निकाली. अप्पांनी तो नेऊन शिवपुत्रच्या बाकड्यावर ठेवला. पंचायत बसली. शिवपुत्रचं म्हणणं, घर वाचलं म्हणजे अप्पा जिंकले.

"पैज मंजुरीची व्हती," अप्पाच म्हणाले. "ही मंजुरी न्हाय. म्या हरलो."

"ऱ्हावू द्या अप्पा," ज्ञानोबा म्हणाला. "म्या सोडली."

"तुमी कोण सोडणार? गाडी किती वाजता येते?"

बसवजयंतीला घरात पूजा झाली, नंदीच्या आयाच्या घरात वहिनींनी उजवा पाय टाकला. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला, इस्त्रीचं धोतर, केशरी फेटा, कपाळावर भस्म, अशा थाटात शरणबसप्पा घंटागाडीच्या मागं उभे राहिले.

पहिल्या चौकात आवाज फुटला न्हाय. दुसऱ्या चौकात खाकरले. तिसऱ्या चौकात म्हणाले, "ओला कचरा." मोजणीच्या वेळी आकडा सांगायचे तसंच, न ओरडता, एकेक अक्षर सुटं. "सुका कचरा. वेगवेगळा आणावा." पोरं गाडीमागं पळाली, बाजारपेठेत दुकानदार उठून उभे राहिले, कुणी मोबाइल काढले. अप्पांनी कुणाकडं बघितलं न्हाय. बायका मात्र एकेक करून दोन-दोन बादल्या घेऊन यायला लागल्या. त्या फेट्यापुढं एकच बादली घेऊन जायला लाज वाटत होती.

गाडी आपल्या गल्लीत आली. ज्ञानोबा मिशीला पीळ देत पायरीवर उभा. हातात एक बादली. त्यात भाकरीचे तुकडे, केळीची सालं, कॅलेंडर, चहाची पूड आणि एक तुटकी चप्पल.

"घ्या अप्पा," तो हसत म्हणाला.

अप्पांनी बादलीत बघितलं. मग ज्ञानोबाकडं बघितलं.

"मिसळलेला हाय," ते म्हणाले. "घेता येत न्हाय."

"अप्पा, मस्करी करू नका. म्या पैज जिंकलेला माणूस हाय."

"निवडून आणा."

"पुढच्या घरी जावा तवर."

"गाडी हलणार न्हाय," अप्पा ड्रायव्हरला म्हणाले. ड्रायव्हरनं त्या फेट्याकडं बघून इंजिन बंद केलं.

गल्ली दारात आली. वहिनी नव्या घराच्या कट्ट्यावर येऊन बसल्या. ज्ञानोबानं चार बाजूंना बघितलं, सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि भर रस्त्यात उकिडवा बसून केळीची सालं एकीकडं, कॅलेंडर एकीकडं करायला लागला. अप्पा गाडीवर ताठ उभे.

"चहाची पूड ओल्यात," ते म्हणाले.

"कळतंय मला!"

"कळतंय तर सुक्यात का टाकली?"

त्या दिवशी घंटागाडी गल्लीतनं निघायला पावणेदहा वाजले.